एका बाजूची पिसं

शेवटच्या रविवारी आईने मला फक्त कोंबडी धरायला सांगितलं होतं. जानेवारीतला, कोरडा, काहीही विशेष नसलेला रविवार. ठाण्यातल्या खोपटहून निघायला उशीर झाला होता, शीळफाट्याला रिक्षा अर्धा तास अडकली होती, आणि मी घरी पोचले तेव्हा मांदेली तळून झाली होती, भाकऱ्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या. धनेश, माझा धाकटा भाऊ, जेवून आडवा झाला होता. त्याची बायको करिश्मा टीव्हीसमोर मटार सोलत होती. जेवल्यावर मी मागच्या दारात पायरीवर पुस्तक उघडून बसले. ती माझी त्या घरातली जागा होती. पुस्तक हातात असलं की मला तिथून कोणी उठवत नसे. त्या दिवशी मात्र आई समोर येऊन उभी राहिली. काखेत लाल कोंबडी, हातात सुक्या बोंबलांची डोकी कापायची मोठी कात्री. म्हणाली, "इकरं ये गो बाय. दोन मिन्टं धर हिला. पिसं लांब झालीत, सांच्याला भिंतीवरनं जातान त्या टावरवाल्यांकरं." मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "पंख कापायचं काम तुलाच जमतं, आई. मला नको त्यात घेऊ." हसत म्हणाले. आमच्या घरातला तो जुना विनोद होता, इतक्या वेळा वापरलेला की त्याला आता धार उरली नाही असं मी धरून चालले होते. कोंबडीचा एक डोळा माझ्याकडे होता, त्यावर खालून वर पापणी आली आणि गेली. "बरं," आई म्हणाली, "फुडल्या रविवारी बगू." तिने कोंबडी खाली सोडली, कात्री खिळ्याला अडकवली आणि हात धुवायला गेली. मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते आता आठवत नाही.

सोमवारी अकराच्या सुमारास धनेशचा फोन आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. तो "ताय" म्हणाला आणि पुढे बोललाच नाही. त्याच्या मागे एक कोंबडी अंडं घातल्यावर करतात तसा गलका करत होती, आणि मला वाटत राहिलं की आता आई तिला हाकलेल, मग धनेश नीट बोलेल. कोणीच तिला हाकललं नाही.

आई गेल्यानंतरचे ते दिवस माणसांनी भरलेले होते. त्या दिवसांत कोंबड्यांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि कोंबड्यांना ते फार लवकर कळलं. आई दिवस मावळायच्या आत "आ... आ..." करत त्यांना खुराड्यात घ्यायची, फळी लावायची, वर दगड ठेवायची. ती हाक बंद झाल्यावर त्या आपापल्या सोयीने झोपायला जागा शोधू लागल्या. आमच्या परसाला लागून टॉवरच्या सोसायटीची भिंत आहे. भिंतीपलीकडे त्यांची बाग, बागेत बाकं, घसरगुंडी, आणि मध्ये भेंडीचं जुनं, डेरेदार झाड. ते सगळं पूर्वी आमचं शेत होतं. झाड तोडायचं नाही एवढी एक अट बाबांनी बिल्डरला घातली होती आणि त्याने ती पाळली, म्हणून झाड राहिलं. बाबा तर कधीच गेले. आता रोज संध्याकाळी नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आधी खुराड्याच्या पत्र्यावर चढत, तिथून भिंतीवर, आणि भिंतीवरून, पंख वाजवत, जड शरीर कसंबसं उचलत, भेंडीवर जाऊन बसत. खाली बाकावर बसलेल्या माणसांच्या अंगावर शिटत. पहाटे साडेचारला कोंबडा तिथूनच आरवे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी धनेशला आधी फोटो पाठवला, मग व्हिडिओ, मग रविवारपर्यंतची मुदत. धनेशने मला फोन केला. "ताय, मी दिवसभर कामावर, करिश्माला कोंबड्यांची भीती वाटते. दिवा स्टेशनचा कोंबडीवाला सगळ्या उचलायला तयार आहे. रविवारी अकराला येतो बोललाय. नायतर तू येऊन पंख काप. आईच्या कोंबड्या आहेत, तू ठरव." दिव्याच्या कोंबडीवाल्याचं दुकान मी पाहिलेलं आहे. स्टेशनला जाताना दिसतं. जाळीचे पिंजरे, त्यात माना बाहेर काढून बसलेल्या. मी म्हणाले, शनिवारी येते.

हे ठरवायला अवघड नव्हतं, निदान कोणालाही सांगितलं असतं तर त्याने तसंच म्हटलं असतं. पंख कापले म्हणजे पिसं कापली. नखं कापण्यासारखं असतं, दुखत नाही. आई दर वर्षी कापायची. पावसाळ्यानंतर जुनी पिसं झडतात, थंडीत नवी पुरती वाढतात, मग एक दिवस ती कात्री घेऊन बसायची. एकाच बाजूची कापायची. लहानपणी मी विचारलं होतं, दोन्ही का नाही? तर म्हणाली होती, दोन्ही कापली तर ती तोल सावरून परत उडायला बघते; एका बाजूची कापली की उडायला जाते आणि कलंडते, दोनचारदा कलंडली की नाद सोडते. हे मला फार हुशारीचं आणि फार वाईट वाटलं होतं, दोन्ही एकाच वेळी. धरायचं काम माझंच असे. कोंबडी छातीशी धरायची, तिचं डोकं काखेत घालायचं, अंधार झाला की ती गप्प होते. तळव्याखाली तिचं काळीज इतकं जलद चालतं की ते आपलंच आहे की काय असं वाटावं. मग आई पंख पंख्यासारखा उघडायची, टोकाकडची लांब पिसं मोजायची, दहा, आणि एकेक देठ उजेडात धरून बघायची, कारण नव्या पिसाच्या देठात रक्त असतं आणि ते कापलं तर थांबत नाही. मी दुसरीकडे बघत असे. कात्रीचा आवाज जाड कागद कापावा तसा होई. कोंबडी हलतसुद्धा नसे. तिला सोडलं की ती दोन पावलं चालायची, अंग झाडायची आणि दाणे टिपायला लागायची, काहीच घडलं नसल्यासारखी. मला तिचं ते दाणे टिपणं सहन होत नसे.

पुढेपुढे मात्र एक कोंबडा आई कापत नसे. दर वेळी एक. म्हातारा झाला, मेला, की त्याच्या पिलातला दुसरा नेमायची. देवीचा, एवढंच म्हणायची. देवीला द्यायच्या जिवाच्या अंगाला खोट चालत नाही. हा नवस धनेशसाठी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे नवस मुलासाठी असतो हे सांगावं लागत नाही. त्यामुळे अंगणात नऊ-दहा एका बाजूला कापलेल्या कोंबड्या आणि मध्ये एक अखंड कोंबडा, हे चित्र मी मनात ठेवून दिलं होतं आणि वेळोवेळी वापरलंही होतं. मैत्रिणींना सांगताना. एकदा कॉलेजात महिला दिनाच्या भाषणात. लोक टाळ्या वाजवतात अशा जागी ते चित्र चांगलं बसे. आणि त्याला जोडून दुसरी गोष्ट: बारावीनंतर मला पुण्याच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलमध्ये जागा मिळाली होती, आणि निघायच्या दिवशी आईने मला अडवलं. मग मी कल्याणला शिकले, ठाण्यात नोकरी धरली, ठाण्यातच लग्न झालं. सत्तावीस वर्षांत मी या खाडीच्या आसपासच राहिले. "आईने पंख कापले," असं मी हसत म्हणायचे, आणि घरात तो विनोद झाला.

एकदा आईने तो आमच्या घरी, पाहुण्यांसमोर ऐकला. संदेशच्या, माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातले चौघे जेवायला आले होते. आई दोन दिवस राहायला आलेली, ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. कोणीतरी मला विचारलं, एवढं वाचता, पीएचडी का नाही केलीत? मी नेहमीचं उत्तर दिलं, आणि हाताने आईकडे दाखवलं. सगळे हसले. एकजण म्हणाला, काय मावशी, असं केलंत? आई वळली. तिच्या बोटांना कोळंबीची सालं चिकटलेली होती. ती हसली, अगदी नीट, पाहुण्यांशी हसावं तशी, आणि म्हणाली, "मंग काय. मना पन कोनी मदतीला होवं ना." पुन्हा सोलायला लागली. तिच्या पाठीकडे बघत मी वाढायला घेतलं. त्या वेळी मला जे वाटलं त्याला नाव देणं मी टाळलं, आणि टाळण्यात मी तरबेज आहे.

शनिवारी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. परसात काळुरामकाका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते बाबांचे चुलतभाऊ, शेजारचं घर त्यांचं. तरुणपणी दोघांनी मिठागरात एकत्र कामं केली, त्यामुळे त्यांच्या पायांची कातडी अजून सुकलेल्या चिखलासारखी आहे. आम्ही दोघं कोंबड्यांचं जाणं बघत बसलो. एकेक पत्र्यावर चढे, मान वाकडी करून भिंतीचा अंदाज घेई, घेतच राही, मला वाटे आता नाही जमणार, आणि मग एकदम धडपडत पलीकडे. सुंदर नव्हतं ते. पण डोळे हलवता येत नव्हते. शेवटी कोंबडा गेला. तो धडपडला नाही. लाल-काळा, शेपटीला हिरवी झाक, तो जमिनीवरूनच उठला आणि भेंडीच्या वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"उद्या कापतेस का?" काकांनी विचारलं.

"नाहीतर कोंबडीवाला नेईल."

"काप. पन त्याला नको हात लावू. देवीचा हाय तो."

"माहितीय काका. धनेशचा नवस."

काका माझ्याकडे वळले. "धन्याचा? धन्याचा नवस तवाच फिटला, तो जलमला तवा. बोकर दिला व्हता तुज्या बापसानं, आक्ख्या गावाला जेवान. ह्यो तुजा हाय."

मी वर फांदीवरच्या कोंबड्याकडे बघितलं.

"तुना ठाव नाय? तू पुन्याला जानार व्हतीस ना शिकाला, तवा तुजी आय, बायजावयनी, गावदेवीला बोलली. पोरगी शिकून येवदे, कोंबरा देईन. मंग तू गेलीसच नाय." ते हसले. "मी किती वेला बोललू तिला, वयनी, सोरव आता तो नवस, पोरीचं केस पांडरं झालं. तं मना काय बोलते, 'ती अजून गेली कुटं?' दर दोन-तीन वर्सानं नवा कोंबरा नेमते, आनि वर मनाच शिकवते."

"मग आता काय करायचं त्याचं?"

"देवीला द्यायचा तर बोललेलं खरं व्हायला होवं. तू शिकून आयलीस का? नाय. नायतर सोरवायचा. जो बोलला त्यानं, नायतर ज्याच्यासाटी बोलला त्यानं. उगवतीकरं तोंड करून सांगाचं, देवी, ह्यो नवस सोरला, ह्या ह्या कारनानं. आनि तोंडानं सांगाचं. मनातल्या मनात नाय चालत. बोललेलं बोलूनच सुटतं. मंग तो पन बाकीच्यांसारखाच." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "कारन खरं सांगाचं बग. खोटं कारन दिलं तं सुटत नाय."

मी त्या रात्री आईच्या खोलीत झोपले. खोलीत तिच्या तेलाचा वास होता आणि कोंबड्यांच्या कण्यांचा डबा. सत्तावीस वर्षं ती माझ्यासाठी वाट मोकळी ठेवून होती आणि मी त्या वाटेवर दर रविवारी मांदेली खायला येत होते. पण हे वाक्य मनात तयार झालं तेव्हा मला त्याचाही राग आला, कारण तेही भाषणात बसण्यासारखं होतं. भाषणात न बसणारी गोष्ट वेगळी आहे. हेमाबाई, आमच्या ज्युनियर कॉलेजच्या मराठीच्या बाई, त्यांनी माझा अर्ज भरला होता, आणि हॉस्टेल बघायला त्याच मला पुण्याला घेऊन गेल्या होत्या. एक रात्र मी तिथे राहिले. लांबलचक व्हरांडा, लोखंडी खाट, खिडकीला जाळी. खोलीत तीन मुली होत्या, चांगल्या होत्या, मला जागा करून दिली त्यांनी. झोपताना मी म्हणाले, मना पानी दे जरा. एक मुलगी हळूच म्हणाली, "मना?" आणि तिघी हसल्या. दुष्टपणाने नाही. मलाही हसू आलं असावं, मी हसलेही. पण त्यानंतर माझं तोंड उघडेना. रात्रभर मी तिथली वाक्यं मनात जुळवत राहिले, मला पाणी दे, मला पाणी देतेस का, आणि सकाळपर्यंत मला कळून चुकलं की तीन वर्षं मला प्रत्येक वाक्य आधी असं जुळवावं लागणार आहे. परत आले. पंधरा दिवसांनी निघायचं होतं. पिशवी भरली होती, हेमाबाई मला न्यायला येऊन पुढच्या खोलीत बाबांशी बोलत बसल्या होत्या, बाबा त्यांना चहा घ्या चहा घ्या म्हणत होते, त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागच्या दारी गेले. आई दाणे टाकत होती. मी म्हणाले, आये, मना नाय जायाचं. तू नको म्हन. मी नाय बोलू शकत त्यांना, तू बोल.

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मुठीत दाणे होते. तिने ते टाकले, सगळे, सावकाश, हात पदराला पुसला, आणि पुढच्या खोलीत जाऊन मोठ्याने, भांडल्यासारखी म्हणाली की मी नाय धाडत पोरीला, माज्या हाताखाली कोन हाय? हेमाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमच्यासारख्या आयांमुळेच आमच्या मुली मागे राहतात. आईने मान हलवली, जसं काही ते बरोबरच आहे. बाबा तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मी पायरीवर पुस्तक उघडून बसले. ती जागा तेव्हापासूनची. आणि त्यानंतर तिने, आजारपणात, भांडणात, रागात, कधीही, एकदाही, ते माझ्या तोंडावर काढलं नाही. काढलं असतं तर मी सुटले असते. त्याऐवजी मी ती गोष्ट सांगत गेले, आधी इतरांना, मग स्वतःला, आणि ती ऐकत गेली. कोळंबी सोलत.

रविवारी सकाळी सात वाजता, कोंबड्या भेंडीवरून उतरून दाण्यांना आल्या तेव्हा, मी परसाचं दार लावून घेतलं. करिश्माने ओढणी नाकाला बांधली होती. "ताई, ही माझा डोळा फोडेल हां. चोच बघा तिची. आई कशा काय काखेत घेऊन फिरायच्या?"

"डोकं काखेत घाल. अंधार झाला की गप्प होते."

"काखेत? शी! गुदगुल्या होतात ओ." पण तिने धरली. लाल कोंबडीच पहिली आली. मी पंख उघडला. तो उघडताना एवढा मोठा होईल हे मी विसरले होते. दहा पिसं. एकेक देठ उजेडात धरला. सगळे पांढरे, कोरडे. कात्रीला बोंबलांचा वास होता. पहिलं पीस कापलं तेव्हा मी या वेळी दुसरीकडे बघितलं नाही. करिश्माने डोळे मिटून घेतले होते. "झालं? एवढंच?" ती म्हणाली. कोंबडी खाली उतरली, अंग झाडलं, आणि दाणे टिपू लागली. मग दुसरी. पाचवीच्या एका देठात जांभळं रक्त दिसलं, ते पीस मी सोडून दिलं. नववीपर्यंत करिश्मा धीट झाली होती आणि त्यांना नावं ठेवत होती, ही सेक्रेटरीसारखी बघते, हिची मान आमच्या मामीसारखी. धनेश चहाचा कप घेऊन दारात उभा होता, काकाही भिंतीपाशी आले होते. उरला कोंबडा. तो पत्र्यावर होता. करिश्माने दाणे दाखवून त्याला खाली आणला आणि दोन्ही हातांनी झडप घातली, तिलाच आश्चर्य वाटलं.

"मन्नत का मुर्गा," धनेश म्हणाला. "ताय, ह्याचाच व्हिडिओ आहे सगळीकडे. ह्याला तसाच सोडलास तर अकराला कोंबडीवाल्याकडे जाणार. मी काय सांगतो, देवीला देऊन टाकू ना, सुटला विषय."

"कसा देनार?" काका म्हणाले. "बोललेलं झालंय का?"

"अरे काका, कोण विचारतंय?" धनेशने चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघून हसला, लाडानेच. "मग काप. विचार कसला करतेस? आईची पोरगी ना तू. तिने कसे धडाधड कापले सगळ्यांचे. तुझे पण."

करिश्माही हसली. जुना विनोद, सगळ्यांना पाठ. मी हसायला तोंड उघडलं, कारण तिथे हसायची सवय होती. कोंबड्याचा पंख माझ्या डाव्या हातात उघडलेला होता, टोकाकडची पिसं काळी, एकदाही न कापलेली. उगवतीला टॉवर होते, त्यांच्या पलीकडे कुठेतरी देऊळ. ऊन दोन टॉवरच्या फटीतून आलं होतं. मी तिकडे तोंड केलं. आईला कधीच न म्हटलेलं ते वाक्य माझ्याकडे सत्तावीस वर्षं नीट जुळवलेलं होतं, शुद्ध, पूर्णविरामासकट, आणि आता ते काही केल्या तोंडात येईना. दुसरंच आलं.

"देवी, ह्यो नवस सोरला," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. धनेशचा कप तोंडापाशी थांबला. "पोरगी गेली नाय. तिला कोनी अरवली नाय." काका भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली. करिश्माने कोंबडा घट्ट धरला होता. त्याच्या पिसांखाली ते जलद जलद चाललेलं माझ्या बोटांना लागत होतं.

"आये," मी म्हणाले, मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तू मना नवतं अरवलं. मीच घाबरली व्हती. तुना मीच सांगितलं, नको म्हन."